स्लाइड फिल्म पारखायची ती करड्यावरून

विचारणा अशी आहे: डोंगर, झाडी आणि आकाश असलेलं एकच दृश्य, एकाच कॅमेऱ्यातून, एकाच सकाळी दोन वेगवेगळ्या स्लाइड फिल्मवर (जिच्यावर थेट पारदर्शक रंगीत चित्र उमटतं अशा फिल्मवर) टिपलं. लाइट टेबलावर ठेवल्यावर एक स्लाइड रसरशीत दिसते, दुसरी तिच्यापुढे फिकी. माहितीपत्रकातले ग्रेनचे, म्हणजे चित्राच्या दाणेदारपणाचे, आकडे जवळपास सारखेच आहेत. मग रसरशीत तीच चांगली म्हणायची का? आणि स्लाइड फिल्मचा दर्जा नेमका कशावरून ठरवायचा?

एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आधी त्या दोन स्लाइडची घनता, म्हणजे गडदपणा, सारखी आहे का ते बघा. स्लाइडमध्ये एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकही डोळ्यांत भरतो, आणि जी स्लाइड तेवढी दाट असेल ती जास्त रंगीत वाटते, मग फिल्म कोणतीही असो. दोन्ही डब्यांवर आयएसओ १०० हा वेग (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील ते) छापलेला असला तरी बॅच, साठवण आणि लॅब यांच्यामुळे प्रत्यक्ष वेग थोडा मागेपुढे होतो. त्यामुळे सारख्या एक्स्पोजरच्या फ्रेम शेजारी ठेवून उपयोग नाही, सारख्या घनतेच्या फ्रेम ठेवायला हव्यात. दोन्ही रोलवर एक तृतीयांश स्टॉपच्या अंतराने ब्रॅकेटिंग करा, म्हणजे तेच दृश्य कमीजास्त एक्स्पोजरने टिपा, दृश्यात एक ग्रे कार्ड (तटस्थ करड्या रंगाचा पुठ्ठा) ठेवा, आणि त्या कार्डाचा करडा ज्या दोन फ्रेममध्ये सारखा उजळ दिसतो त्या उचला. रंगांबद्दल बोलायचं ते त्यानंतर. माझा अंदाज आहे की तुम्हाला दिसणारा बराचसा फरक इथेच विरून जाईल. जो उरेल तो फिल्मचा खरा स्वभाव.

हा स्वभाव येतो कुठून, हे समजलं की पुढची पारख सोपी जाते. निगेटिव्हला प्रिंटची दुसरी संधी असते. तिथे झाक काढता येते, घनता वरखाली करता येते, कागद बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येतो. स्लाइडमध्ये कॅमेऱ्यातून निघालेली फिल्मच शेवटचं चित्र असते. म्हणजे कॉन्ट्रास्ट किती, रंग किती दाट, करडा थंड की उबदार, हे सगळे निर्णय फिल्म बनवणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेले असतात.

त्यात एक मोठी अडचण असते. फिल्ममधली रंगद्रव्यं शुद्ध नसतात. सायन द्रव्याने फक्त लाल प्रकाश शोषावा अशी अपेक्षा, पण ते थोडा हिरवा आणि निळाही शोषतं. मजेंटा द्रव्य हिरव्याबरोबर थोडा निळा शोषून घेतं. रंग मळतात ते यामुळे. निगेटिव्हमध्ये यावर उपाय म्हणून तो परिचित नारिंगी मास्क असतो. प्रिंट करताना त्याचा हिशेब चुकता होतो. स्लाइड थेट डोळ्यांनी बघायची असल्याने तिला नारिंगी करता येत नाही. म्हणून इथे वेगळी युक्ती वापरतात. पहिल्या डेव्हलपरमध्ये एका थराचं डेव्हलपिंग होत असताना त्यातून सुटणारी द्रव्यं शेजारच्या थरांचं डेव्हलपिंग रोखतात. लाल वस्तूचं उदाहरण घ्या. तिथे लाल-संवेदी थर जोरात डेव्हलप होतो आणि हिरव्या-निळ्या थरांना मागे ढकलतो. त्या थरांत जेवढं कमी डेव्हलप झालं तेवढं मजेंटा आणि पिवळं द्रव्य शेवटी जास्त तयार होतं, आणि लाल अधिक दाट, अधिक स्वच्छ उमटतो. हा परिणाम किती ठेवायचा ते फिल्म रचणाऱ्याच्या हातात असतं. फुजीने १९९० मध्ये आणलेल्या वेल्व्हियाचा भर गडद रंगांवर, प्रोव्हियाचा बेताचा, आणि अ‍ॅस्टिया माणसांच्या चेहऱ्यांसाठी मुद्दाम मवाळ ठेवलेली. यात वरची पायरी, खालची पायरी असं काही नाही. तीन वेगळ्या कामांसाठी घेतलेले हे तीन वेगळे निर्णय आहेत.

कॉन्ट्रास्टचंही तसंच. रंगीत निगेटिव्हचा गॅमा, म्हणजे कॉन्ट्रास्टचं माप, साधारण ०.६ च्या आसपास असतो, स्लाइडचा दीडच्या वर. एवढा तिखट कॉन्ट्रास्ट ठेवण्यामागे कारण आहे. स्लाइड अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर बघायची म्हणून बनवली गेली. चित्राभोवती काळोख असला की डोळ्याला चित्राचा कॉन्ट्रास्ट प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो, आणि प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये व खोलीत विखुरलेला प्रकाश काळ्या भागांवर पसरून तो आणखी खाली आणतो. ही घट भरून काढायला फिल्ममध्येच जादा कॉन्ट्रास्ट भरलेला असतो. त्याची किंमत दृश्याच्या पल्ल्यात मोजावी लागते. तपशील शिल्लक राहील असा जेमतेम पाच स्टॉपचा पल्ला हाती येतो. दुपारच्या उन्हातलं पांढरं कापड आणि झाडाखालची सावली एकाच फ्रेममध्ये मागितली तर दोन्हीपैकी एक जाणार. फिल्म वाईट म्हणून हे होत नाही, आणि ज्याला हे मान्य नसेल त्याने निगेटिव्ह वापरावी हे माझं स्पष्ट मत आहे.

आता पारख कशी करायची.

सगळ्यात आधी बघण्याचा प्रकाश. लाइट टेबलाचा दिवा ५००० केल्व्हिनचा, रंग नीट दाखवणारा हवा. साध्या एलईडी पॅनेलवर किंवा मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर दोन फिल्मची तुलना करू नका. अशा दिव्यांच्या वर्णपटात उंचवटे आणि खड्डे असतात, आणि दोन कंपन्यांची रंगद्रव्यं त्या खड्ड्यांना वेगवेगळा प्रतिसाद देतात. एका दिव्याखाली जुळणारे करडे दुसऱ्या दिव्याखाली जुळत नाहीत. स्लाइडच्या भोवतीचा टेबलाचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका, खोलीतला दिवा बंद करा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण उघड्या टेबलावर ठेवलेली स्लाइड भोवतालच्या लखलखाटामुळे डोळ्याला आहे त्यापेक्षा काळपट आणि कमी तपशिलाची दिसते. वेल्व्हियाच्या सावल्या ‘बंद’ असतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातला काही भाग या उघड्या टेबलाचा असतो. पुठ्ठा लावा, पंधरा-वीस सेकंद थांबा, आणि त्याच सावलीत पानं दिसू लागतात. दोन्ही स्लाइड एकाच वेळी शेजारी ठेवूनच बघा. एक काढून दुसरी ठेवली तर मधल्या काही सेकंदांत डोळा नव्या झाकेशी जुळवून घेतो आणि तुलना हातची जाते.

दुसरी गोष्ट लॅब. आजच्या स्लाइड फिल्म ई-६ प्रक्रियेने डेव्हलप होतात. त्यात पहिला डेव्हलपर ३८ अंश सेल्सियसला सहा मिनिटं चालतो आणि तापमान अंशाच्या काही दशांशांच्या आत राखावं लागतं. घनता आणि वेग मुख्यतः इथेच ठरतात. पुढच्या रंग डेव्हलपरची अल्कता सरकली की करडा हिरव्याकडे किंवा मजेंटाकडे झुकतो. म्हणून एका लॅबमधून आलेला एकच रोल बघून ‘ही फिल्म हिरवी मारते’ असं म्हणणाऱ्याने फिल्म आणि लॅब यांची बेरीज पाहिलेली असते. दोन फिल्मची तुलना करायची तर दोन्ही रोल एकाच दिवशी, एकाच खेपेत डेव्हलप करून घ्या. चांगली लॅब कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे प्रक्रिया तपासायची आधीच एक्स्पोज केलेली पट्टी, चालवते. ती कधी चालवली आणि तिचं वाचन काय आलं हे विचारायला संकोच करू नका. काम मनापासून करणाऱ्या लॅबला असा प्रश्न आवडतो. शिवाय प्रत्येक रोलची पहिली फ्रेम ग्रे कार्डाची घ्या. पुढे काही बिघडलं तर दोष फिल्मचा, प्रकाशाचा की डेव्हलपिंगचा, हे त्या फ्रेमवरून बरंचसं कळतं.

फिल्मचीही वंशावळ बघावी लागते. डब्यावर इमल्शन नंबर, म्हणजे बॅचचा क्रमांक, असतो. कॅटलॉग, चित्रांच्या प्रतिकृती, कापड असं रंग जुळवण्याचं काम करणारे लोक एकाच नंबरची फिल्म एकदम घेऊन, एक रोल तपासून, बाकीची थंड जागी ठेवत आले, ते उगीच नव्हे. व्यावसायिक फिल्म १३ अंश सेल्सियसच्या खाली ठेवायची असते, आणि एक्स्पोज झाल्यावर लवकर डेव्हलप करायची. गाडीत तापलेल्या रोलवरून फिल्मची परीक्षा होत नाही.

आता मुख्य चाचणी. माझ्या लेखी स्लाइड फिल्मची सगळ्यात बोलकी परीक्षा म्हणजे करडा. लोक सूर्यास्त, फुलं, पोपट यांच्यावर फिल्म तपासतात. पण लाल थोडा अधिक लाल आला तर डोळा तक्रार करत नाही. करड्यात मात्र किंचित झाक आली तरी ती लपत नाही.

एक ग्रे कार्ड निरभ्र आकाशाच्या दिवशी, सूर्य चांगला वर असताना, थेट उन्हात ठेवा. सावलीत ठेवलं तर त्यावर निळ्या आकाशाचा उजेड पडेल. जवळ रंगीत भिंत किंवा हिरवळ नको. कार्डाने फ्रेम पूर्ण भरा, आणि मीटरने सांगितलेल्या एक्स्पोजरपासून तीन स्टॉप खाली ते तीन स्टॉप वर, अर्ध्या अर्ध्या स्टॉपने फ्रेम घ्या. शक्य तेवढा बदल अ‍ॅपर्चरने करा, कारण यांत्रिक शटरचे वेग सहज पाव-एक तृतीयांश स्टॉप इकडेतिकडे असतात आणि स्लाइडवर ते उमटतं. लेन्स दोन्ही फिल्मसाठी एकच. प्रत्येक लेन्सच्या काचेची आणि कोटिंगची स्वतःची बारीकशी झाक असते.

डेव्हलप होऊन आलेली पट्टी न कापता टेबलावर पसरा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू बघत जा. मधली फ्रेम बघा: कुठली झाक आहे का? असली तर घाबरायचं कारण नाही. मग उजळ टोकाकडे जा. जवळजवळ पारदर्शक झालेल्या फ्रेममध्ये शेवटचा जो हलका थर शिल्लक असतो तो कुठल्या रंगाचा आहे? गुलाबी, पिवळसर, की निव्वळ फिका करडा? नंतर दुसऱ्या टोकाला, अंधाराकडे या. काळ्याच्या आधीच्या दोन-तीन फ्रेममध्ये निळसर, तांबूस की हिरवट छटा दिसते?

सगळ्या पट्टीवर एकच झाक सारख्या प्रमाणात असेल, समजा सगळीकडे किंचित निळसर, तर तो फक्त समतोलाचा प्रश्न आहे. हलका ८१ए सारखा उबदार फिल्टर किंवा योग्य रंगाचा ०५ चा सीसी (रंगदुरुस्तीचा) फिल्टर लावला की काम झालं. पण उजळ फ्रेम गुलाबी आणि गडद फ्रेम हिरवट निघाल्या, तर तीन थरांच्या एक्स्पोजरनुसार घनता दाखवणाऱ्या वक्ररेषा एकमेकींना छेद देत आहेत. याला जगातला कुठलाही फिल्टर पुरा पडत नाही, कारण एक टोक सुधारताना दुसरं बिघडतं. ढगांना गुलाबी कड आणि खडकांच्या सावलीत हिरवट चिखल, असं मग प्रत्येक स्लाइडवर दिसत राहतं. दोष फिल्मचा असू शकतो, जुन्या रोलचा असू शकतो, लॅबच्या रसायनांचा असू शकतो. दुसऱ्या लॅबमध्ये तीच फिल्म देऊन बघितलं की उलगडा होतो. मी फिल्मला ‘चांगली’ म्हणतो ती या पट्टीवर दोन्ही टोकांना करडी राहिली तर. तिचे रंग मवाळ असोत की भडक, तो पुढचा प्रश्न.

याच पट्टीवरून तिचा खरा वेगही मिळतो. मधल्या फ्रेमचा करडा समोर ठेवलेल्या कार्डाएवढा उजळ दिसत नसेल तर कुठली फ्रेम तशी दिसते ते बघा आणि पुढे मीटर तसं लावा. वेल्व्हिया ५० अनेकजण आयएसओ ४० ला लावतात ते याच कारणाने: छापील वेगाला तिच्या सावल्या त्यांना फार दाट वाटतात. तुमच्या मीटरला, शटरला आणि लॅबला ५०च बरोबर बसू शकेल. दुसऱ्याचा आकडा उचलू नका. आणि एक्स्पोजर हायलाइटसाठी, म्हणजे सर्वांत उजळ भागांसाठी, धरा. स्लाइडमध्ये उडालेला हायलाइट म्हणजे कोरी फिल्म, तिथून काही परत आणता येत नाही. दाट सावलीत काही ना काही शिल्लक असतं.

करडा जमला की रंगांकडे या. चोवीस चौकोनांचा कलर चेकर तक्ता उपयोगाचा आहे, पण त्याच्यावर थांबू नका. त्वचा, पानं आणि आकाश ही आपल्या आठवणीत पक्की बसलेली रंगांची तीन घरं आहेत, तिथली चूक कुणालाही कळते. वेल्व्हियावर सावळा चेहरा तांबूस आणि गोरा चेहरा भाजल्यासारखा येतो, हे फिल्मचं अपयश मानू नये. तिला ते काम दिलेलंच नाही. पानांमध्ये बघायचं ते असं: पोपटी, गर्द, पिवळट, निळसर असे हिरव्याचे प्रकार वेगवेगळे राहतात की सगळे एकाच ‘छान’ हिरव्यात मिसळून जातात? रंग वाढवून दाखवणाऱ्या फिल्मची ही खरी कसोटी आहे. भडकपणा मला खपतो. प्रकार गिळले जाणं खपत नाही.

आणि एक परीक्षा जिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात: निळी फुलं. निळी मॉर्निंग ग्लोरी किंवा अजेरॅटम टिपा. डोळ्याला स्वच्छ निळं दिसणारं फूल स्लाइडवर जांभळट, कधी सरळ गुलाबी येतं. लोक लॅबला दोष देतात, पण त्याच फ्रेममधलं ग्रे कार्ड निर्दोष असतं. कारण वेगळंच आहे. ही फुलं निळ्याबरोबर वर्णपटाच्या अगदी टोकाचा, दूरचा लाल प्रकाशही भरपूर परावर्तित करतात. आपला डोळा तिथे जवळजवळ आंधळा असतो. फिल्मचा लाल-संवेदी थर मात्र तिथवर पोचतो. त्याला ‘लाल आहे’ असं दिसतं आणि तो तसंच नोंदवतो. कुठल्या फिल्मचा लाल थर किती दूरपर्यंत पोचतो यात फरक असतो, म्हणून एकच फूल एका फिल्मवर निळं आणि दुसरीवर जांभळं येतं. फिल्टरने हे नीट सुटत नाही. फुलांचं किंवा रंगवलेल्या कापडांचं काम करणाऱ्याने फिल्म निवडण्याआधी ही चाचणी केलीच पाहिजे. कापडांत याच घराण्यातला दुसरा त्रास आहे: पांढऱ्या कापडाला चमक आणणारी द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून निळा सोडतात, आणि पांढरं निळसर उमटतं. त्यावर अतिनील अडवणारा फिल्टर बराच कामी येतो, विशेषतः फ्लॅश वापरताना फ्लॅशच्या नळीवर लावला तर.

ग्रेनच्या आकड्यांबद्दल विचारलं आहे. स्लाइड फिल्मच्या माहितीपत्रकात आरएमएस ग्रॅन्युलॅरिटी देतात. घनता १.० असलेल्या सपाट भागावर ४८ मायक्रॉन व्यासाच्या छिद्रातून घनतेचे चढउतार मोजतात, त्यातून हा आकडा येतो; तो जितका लहान तितका ग्रेन बारीक. वेल्व्हिया ५० चा ९, प्रोव्हिया १००एफ आणि कोडॅकच्या एक्टाक्रोम ई१०० चा ८, अ‍ॅस्टिया १००एफ चा ७. एकाचा फरक लूपमधून (स्लाइड बघायच्या भिंगातून) शोधावा लागतो, पडद्यावर तो सहसा जाणवत नाही. निगेटिव्हच्या प्रिंट ग्रेन इंडेक्सशी या आकड्यांची तुलना करू नका. ते मोजमापच वेगळं आहे. ग्रेन बघायचा तो सपाट मधल्या करड्यात किंवा मोकळ्या आकाशात. पानांच्या गर्दीत तो लपतो. स्कॅन करून बघत असाल तर गडद भागात दिसणारी वाळू बहुतेकदा स्कॅनरचा स्वतःचा खरखराट असते, फिल्मचा ग्रेन नव्हे.

शार्पनेस ही ग्रेनपेक्षा निराळी गोष्ट आहे, आणि इथे आकडे नीट वाचायला हवेत. वेल्व्हिया ५० चं रिझोल्यूशन मिलिमीटरला १६० रेषा दिलेलं आहे, पण ते १०००:१ कॉन्ट्रास्टच्या चाचणीपट्टीवर. १.६:१ कॉन्ट्रास्टला तेच ८० वर येतं. प्रोव्हिया १००एफ चे आकडे १४० आणि ६०. झाडाची साल, केस, दूरचा डोंगर यांच्यातला कॉन्ट्रास्ट १.६:१ च्या जवळचा असतो, म्हणून मी दुसरा आकडा बघतो. आरएमएस ९ असलेली वेल्व्हिया आरएमएस ८ असलेल्या प्रोव्हियापेक्षा जास्त बारीक तपशील धरते, हे या दोन ओळींवरून दिसतंच. कोडॅकच्या जुन्या कोडाक्रोम ६४ या स्लाइड फिल्मचा आरएमएस १० होता, तरी तिच्या कडांची धार अजून वाखाणली जाते. तिच्या इमल्शनमध्ये रंग तयार करणारे कपलर नसत, ते डेव्हलपिंगच्या वेळी बाहेरून दिले जात. त्यामुळे थर पातळ राहत आणि त्यांत प्रकाश कमी विखुरत असे. प्रत्यक्ष चाचणीसाठी भक्कम ट्रायपॉड, लेन्सचं मधलं अ‍ॅपर्चर आणि आठ किंवा दहा पटीचा चांगला लूप पुरे. कॅमेरा हातात धरून फिल्मचा शार्पनेस मोजता येत नाही, हाताचा मोजला जातो.

रात्रीचं किंवा पहाटेचं काम असेल तर लांब एक्स्पोजरचं वागणं बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं ठरतं, आणि इथे फिल्मफिल्ममध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोव्हिया १००एफ १२८ सेकंदांपर्यंत काहीही दुरुस्ती मागत नाही. ई१०० ला १० सेकंदांपर्यंत काही लागत नाही. वेल्व्हिया ५० ला चार सेकंदांनाच एक तृतीयांश स्टॉप जादा आणि ५ चा मजेंटा फिल्टर लागतो, कारण ती हिरवट व्हायला लागते. ६४ सेकंदांचं एक्स्पोजर तर फुजी सुचवतच नाही. तिन्ही थर मंद प्रकाशाला सारखे थकत नाहीत, म्हणून वेगाबरोबर रंगही ढळतो. पहाटेच्या निळ्या उजेडातला तो हिरवट रंग काहींना आवडतो. आवडीचा भाग म्हणून तो ठीक आहे, फक्त तो दृश्यात नव्हता हे माहीत असावं.

पुश करायचं, म्हणजे छापील वेगापेक्षा जास्त वेगाला टिपून फिल्म जादा डेव्हलप करायची, तर एका स्टॉपसाठी पहिल्या डेव्हलपरचा वेळ साधारण आठ मिनिटांवर जातो. कॉन्ट्रास्ट वाढतो, काळा थोडा पातळ होतो, झाक सरकते. ज्या फिल्मचा करडा पुश करूनही टिकतो ती कामाची. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

काळ्याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. स्लाइडचं सौंदर्य बरंचसं तिच्या काळ्यात असतं. घनता ३.० म्हणजे हजारातला एकच भाग प्रकाश पार जातो. चांगल्या स्लाइड फिल्मचा सर्वांत गडद काळा त्याच्याही वर जातो. कुठलाही छापील कागद याच्या जवळपास येत नाही. पडद्यावर बघणाऱ्याला हा काळा म्हणजे मेजवानी. स्कॅन करणाऱ्याला मात्र तोच अडसर ठरतो, कारण बऱ्याच स्कॅनरचा प्रकाश तिथे पोचतच नाही. म्हणून फिल्म कशासाठी हवी हे ठरवल्याशिवाय ‘चांगला काळा’ असं काही म्हणता येत नाही. केवळ स्कॅन करून छापायचं असेल तर प्रोव्हिया किंवा ई१०० सारखी बेताच्या कॉन्ट्रास्टची फिल्म घ्या, रंग नंतर हवे तेवढे वाढवता येतात. दाट वेल्व्हियातून सावल्या उकरून काढणं फार कष्टाचं काम आहे.

टिकाऊपणा हाही दर्जाचाच भाग आहे, आणि तो नवी स्लाइड बघून कळत नाही. १९३५ मध्ये चित्रपटासाठी आणि १९३६ मध्ये ३५ मिलिमीटरच्या स्थिर छायाचित्रणासाठी आलेली कोडाक्रोम अंधारात ठेवल्यास दशकानुदशकं रंग जपते. १९५० च्या दशकातल्या तिच्या स्लाइड आजही ताज्या वाटतात, तर त्याच काळातल्या कितीतरी एक्टाक्रोम विटून तांबूस-मजेंटा झालेल्या आहेत. पण प्रोजेक्टरच्या दिव्याखाली उलटं घडतं: कोडाक्रोम लवकर उतरते, ई-६ फिल्म जास्त तग धरतात. कोडाक्रोमचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं आणि डेव्हलपिंगसाठी तिचे रोल घेणं २०१० च्या अखेरीस बंद झालं, त्यामुळे आता तिची निवड करण्याचा प्रश्न नाही. पण घरात जुन्या कोडाक्रोम असतील तर त्या प्रोजेक्टरवर वारंवार लावू नका, प्रती काढून त्या लावा. ई-६ स्लाइडही एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त पडद्यावर ठेवू नये. साठवण थंड, कोरडी, अंधारी हवी. दमट हवेत बुरशी आधी जिलेटिन खाते. पीव्हीसीची पाकिटं टाळा, पॉलिप्रॉपिलीनची घ्या.

तुमच्या त्या दोन स्लाइडकडे परत येतो. घनता जुळवल्यावरही पहिली फिल्म रसरशीत राहिली आणि तिची करडी पट्टी दोन्ही टोकांना स्वच्छ निघाली, तर दोन्ही फिल्म ठेवा, फक्त त्यांची कामं वाटून द्या. तिखट फिल्म ढगाळ हवेत, पावसानंतरच्या सपाट उजेडात, धुक्यात आणि झाडांच्या दाट सावलीत वापरा. तिथे दृश्याचा स्वतःचा पल्ला तीन स्टॉपचाही नसतो आणि फिल्मचा कॉन्ट्रास्ट त्याला उभं करतो. दुपारचं ऊन, चेहरे आणि पांढरे कपडे यांच्यासाठी ती फिकी वाटलेली फिल्म कॅमेऱ्यात घाला, आणि उन्हात अर्धा स्टॉप इकडेतिकडे ब्रॅकेट करायला विसरू नका.